भाव छापणारी माणसं

एप्रिल २०२३. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर खेकड्याचा हंगाम सुरू झाला, पण बोटी धक्क्यालाच बांधलेल्या राहिल्या. आदल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर स्नो क्रॅबला पौंडामागे ७.६० कॅनेडियन डॉलर ठरले होते. या वेळी दर ठरवणाऱ्या मंडळाने २.२० जाहीर केले. एवढ्यात खर्चही निघणार नाही, म्हणत मच्छीमार कित्येक आठवडे समुद्रात गेलेच नाहीत. या भांडणात ज्या बाजारभावाचे दाखले दिले जात होते, तो छापणारी कंपनी मात्र परक्या देशातली. न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर या गावची, अर्नर बॅरी. २०२४मध्ये निदर्शनं झाली, तोडगा निघाला, आणि त्यातही किनाऱ्यावरचा भाव याच कंपनीच्या भावाशी सूत्राने बांधला गेला.

या कंपनीकडे ना बोट, ना बर्फखाना. तिचा माल म्हणजे आकडे आणि बातम्या. १८५८ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन अर्नर नावाच्या मुद्रकाने लोणी-अंडी-कोंबडीच्या बाजाराचे भाव छापायला घेतले, तिथून हा धंदा सुरू झाला. मासळी नंतर आली.

भाव छापायला वार्ताहर कशाला लागतो, असं आपल्याला वाटेल. ससून डॉकवर पहाटे लिलाव होतो. बोली चारचौघांत लागते, भाव सगळ्यांच्या कानावर पडतो. गोठवलेल्या मासळीचं तसं नाही. आंध्रातल्या तळ्यातली व्हेनामी कोळंबी कंटेनरमधून अमेरिकेला जाते, तिचा सौदा फोनवर दोघांत होतो. तिसऱ्याला पत्ता नाही. म्हणून वार्ताहर फोन उचलतो. आयातदाराला विचारतो, वितरकाला विचारतो, दलालाला विचारतो: काय गेलं, किती गेलं, कितीला गेलं? विकणारा चढा सांगणार, घेणारा पडता सांगणार, हे त्याला पाठ असतं. कोण किती फुगवतो याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या बोलण्यातून येतो. मग तो एक आकडा लिहितो: भारतीय, बिनडोक्याची, सालासकट, पौंडाला १६ ते २० नग. सोललेलीचा भाव वेगळा, शेपूट ठेवलेलीचा वेगळा, इक्वेडोरच्या मालाचा आणखी वेगळा.

आकड्याशेजारी बाजाराचा कल दिलेला असतो, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते. नुसतं ‘स्थिर’ लिहून भागत नाही. जेमतेम स्थिर, साधारण स्थिर, चांगला स्थिर, अशा त्याच्या पायऱ्या असतात. ‘जेमतेम स्थिर’ वाचलं की मुरलेला व्यापारी समजतो, भाव सुटण्याच्या बेतात आहे, गोदामातला माल आजच काढावा. दहा जणांनी तसा काढला की भाव सुटतोच. वार्ताहराने भाकीत केलं की भाव पाडला, हे सांगणं कठीण. त्यात कित्येक करार छापील भावाला जोडलेले असतात. आकडा हलला की सौदा न करताही पैसे या खिशातून त्या खिशात जातात.

हे काम कायद्याच्या किती काठावरून चालतं, ते नॉर्वेच्या सॅमन माशाच्या धंद्यावरून दिसतं. फेब्रुवारी २०१९मध्ये युरोपीय आयोगाने सॅमन पाळणाऱ्या कंपन्यांवर अचानक छापे घातले. जानेवारी २०२४मध्ये सहा कंपन्यांना आरोपपत्र दिलं: तुम्ही भाव आणि मालाची माहिती आपसांत वाटून घेत होतात, असा संशय. म्हणजे स्पर्धकाला फोन करून ‘तुझा भाव काय’ विचारलं तर चौकशी मागे लागू शकते. तेच दोघांनी एका वार्ताहराला सांगितलं आणि त्याने ते सगळ्यांसाठी छापलं, तर ती पत्रकारिता.

धंद्याच्या बातम्या देणारे इतरही आहेत. नॉर्वेत जन्मलेलं इंट्राफिश, २०१२मध्ये लंडनमध्ये निघालेलं अंडरकरंट न्यूज, अमेरिकेतलं सीफूडसोर्स. पेरूने २०२३मध्ये अँकोव्ही माशाच्या पकडीचा पहिला हंगाम रद्द केला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी शोधावी लागली असती. या पत्रांचा वाचक मात्र लगेच हिशेबाला बसला. अँकोव्ही नाही म्हणजे तिच्यापासून होणारं फिशमील महाग, फिशमील महाग म्हणजे कोळंबीचं खाद्य महाग. ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय मालावर अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा याच वाचकाला सगळ्यात आधी हवं होतं ते एवढंच: वाटेतल्या कंटेनरांचं काय?

अडचणही या वाचकापाशीच आहे. वर्गणी तो भरतो, जाहिरात तो देतो आणि बातमीही तोच पुरवतो. मार्चमध्ये बॉस्टनच्या मासळी-प्रदर्शनात वार्ताहर आणि निर्यातदार एकाच टेबलावर कोळंबी खात बसतात. या ओळखीतून कंपन्यांची खरेदी-विक्री, बुडीत कर्जं, मालकांची भांडणं बाहेर येतात, आणि ती फार बारकाईने येतात. त्यासाठी मी ही पत्रं मानतो. पण २०१५मध्ये इंडोनेशियातल्या बेंजिना या बेटावरच्या गावात पिंजऱ्यात कोंडलेले म्यानमारचे खलाशी जगाला दाखवले ते असोसिएटेड प्रेसच्या चार महिला पत्रकारांनी. दोन हजारांहून अधिक माणसं सुटली, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्या बाहेरच्या होत्या. पकडलेली मासळी कुठल्या ट्रकमध्ये चढते आणि कुठल्या कारखान्यात उतरते, याचा माग काढत त्या अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत पोचल्या. हा माग धंद्यातल्या पत्रकाराला त्यांच्याहून सोपा होता. कारखाने त्याच्या ओळखीचे, आयातदारांचे नंबर त्याच्या फोनमध्ये. त्याने तो काढला असता, तर दुसऱ्या दिवशी भाव विचारायला फोन लावायचा होता तो याच लोकांना.