विमाने रद्द होतात तेव्हा : चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवाशांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात देशभरातील विमानतळांवर हजारो प्रवासी अडकले. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरपासून लागू झाला होता. त्यासाठी पुरेशी तयारी न झाल्याने इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. 5 डिसेंबरला तर एकाच दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. नागपूरलाही त्याची झळ बसली. अशा गोंधळात प्रवाशाचे हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या नियमांनी ठरतात. या नियमांविषयी मात्र अनेक समजुती चुकीच्या आहेत.

गैरसमज : हा प्रश्न महानगरांतील प्रवाशांचा आहे.

वस्तुस्थिती : चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. चंद्रपूरजवळच्या मोरवा येथील धावपट्टीचा उपयोग लहान विमानांपुरता आहे. त्यामुळे बहुतेकांना नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावे लागते. चंद्रपूरहून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, गडचिरोलीहून त्याहून लांब. भामरागड किंवा सिरोंच्याच्या प्रवाशाला तर आधी गडचिरोली गाठण्यासाठीच दीडशे-दोनशे किलोमीटर जंगलातला रस्ता कापावा लागतो. उड्डाण रद्द झाल्यावर नागपूरकर घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो, या प्रवाशाला ते जमत नाही. म्हणूनच जेवण, मुक्काम आणि पर्यायी उड्डाणाच्या तरतुदींची गरज त्याला अधिक असते.

गैरसमज : उड्डाण रद्द झाले की दहा हजार रुपये मिळतात.

वस्तुस्थिती : उड्डाण रद्द झाल्यास प्रवासी पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मागू शकतो. रोख भरपाई त्याहून वेगळी असते आणि ती सरसकट मिळत नाही. कंपनीने किमान 24 तास आधी कळवून योग्य पर्याय दिला असेल तर ती देय नसते. वेळेत कळवले नसेल तर रक्कम प्रवासाच्या कालावधीनुसार ठरते : एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी 5,000 रुपये, एक ते दोन तासांसाठी 7,500 आणि दोन तासांहून अधिक असल्यास 10,000. मात्र एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क यांची बेरीज याहून कमी भरली, तर ती कमी रक्कमच मिळते. नागपूर-मुंबई किंवा नागपूर-पुणे उड्डाण साधारणपणे मधल्या गटात येते.

तिकीट काढताना मोबाइल क्रमांक चुकीचा दिला गेला, तर भरपाईचा हक्क जातो. प्रवाशाशी संपर्क साधण्याचा मार्गच कंपनीकडे उरत नाही, हे त्यामागचे कारण. खेड्यात मोबाइलला रेंज नसते म्हणून शहरातील नातेवाइकाचा क्रमांक देण्याची पद्धत आहे. तसे केल्यास त्या नातेवाइकाला प्रवासाची तारीख आणि वेळ ठाऊक असायला हवी.

गैरसमज : कारण कंपनीच्या हातात नसेल तर प्रवाशाला काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती : धुके, वादळ, पूर, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणातील अडचण किंवा सरकारी आदेश अशा कारणांनी उड्डाण रद्द झाले, तर रोख भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नसते. पण न झालेल्या प्रवासाचे भाडे कंपनीला ठेवून घेता येत नाही. ते परत मिळते. कर्मचारी नियोजनातील उणीव मात्र अशा कारणांत बसत नाही. डिसेंबरमधील गोंधळानंतर इंडिगोने 3 ते 5 डिसेंबरदरम्यान सर्वाधिक त्रास झालेल्यांना 10,000 रुपयांची प्रवास कूपने जाहीर केली, तेव्हा ती नियमानुसार मिळणाऱ्या भरपाईव्यतिरिक्त असल्याचे सांगितले होते.

गैरसमज : पुराने रस्ता बंद झाल्यामुळे विमान चुकले, तरी पैसे परत मिळतात.

वस्तुस्थिती : पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे पावसाळ्यातले नेहमीचे चित्र आहे. पण विमान ठरल्या वेळी उडाले आणि प्रवासी पोहोचला नाही, तर नियमांच्या दृष्टीने तो गैरहजर ठरतो. त्याला भाडे परत मिळेलच असे नाही, ते तिकिटाच्या अटींवर अवलंबून असते. न वापरलेल्या तिकिटावरील विमानतळ शुल्क आणि कर मात्र मागणी केल्यास परत मिळतात, आणि ही मागणी फार थोडे लोक करतात. जुलै-ऑगस्टमध्ये अहेरी, एटापल्ली, भामरागड भागातून निघणाऱ्याने एक दिवस आधी गडचिरोली किंवा नागपूर गाठणे श्रेयस्कर.

गैरसमज : उशीर म्हणजे फक्त वाट पाहणे.

वस्तुस्थिती : अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला अल्पोपाहार किंवा जेवण मिळायला हवे. उशीर सहा तासांहून अधिक असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करता येते. उशीर 24 तासांहून अधिक झाला, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यानच्या उड्डाणाला सहा तासांहून अधिक झाला, तर हॉटेलमधील मुक्काम आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय कंपनीने करायची असते. या सोयी बहुधा मागितल्याशिवाय मिळत नाहीत. निव्वळ उशिरासाठी डीजीसीएच्या नियमांत रोख भरपाई नाही, आणि हवामानासारख्या कारणाने झालेल्या उशिरात या सोयींचे बंधनही सैल होते.

गैरसमज : कंपनी देईल ते व्हाउचर घ्यावेच लागते.

वस्तुस्थिती : परताव्याची रक्कम पुढील प्रवासासाठी कंपनीकडे ठेवायची की परत घ्यायची, हा निर्णय प्रवाशाचा असतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत ते परत मिळायला हवेत. चंद्रपूर, वरोरा किंवा देसाईगंजच्या एजंटकडून तिकीट काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते. एजंटचे स्वतःचे सेवा शुल्क मात्र वेगळे.

गैरसमज : संकटकाळात भाडे सरकार आपोआप रोखते.

वस्तुस्थिती : विमानभाडे एरवी बाजारावर सोडलेले असते आणि मर्यादा अपवादानेच घातली जाते. 6 डिसेंबर 2025 रोजी सरकारने अशी तात्पुरती मर्यादा घातली : 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000, कर आणि विमानतळ शुल्क वेगळे. नागपूर-मुंबई मार्ग त्यात 12,000 रुपयांच्या गटात आला. असा आदेश नसताना ऐन वेळचे तिकीट कितीही महाग असू शकते. म्हणून परतावा घेण्यापूर्वी त्याच कंपनीचे पर्यायी उड्डाण मागणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. एकदा परतावा स्वीकारला की मुक्कामी पोहोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपते.

गैरसमज : नागपूरला अडकले की विमानाचीच वाट पाहावी लागते.

वस्तुस्थिती : रेल्वेच्या बाबतीत चंद्रपूर जिल्हा सुदैवी आहे. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरील जंक्शन आहे. सप्टेंबर 2024 पासून धावणारी नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत चंद्रपूर आणि बल्लारशा या दोन्ही ठिकाणी थांबते, त्यामुळे हैदराबादचे विमानतळही आवाक्यात येते. सिरोंच्याच्या प्रवाशाला तर गोदावरीपलीकडच्या तेलंगणातून हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ पडते. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश घरी असतानाच आला, तर नागपूरला निघण्यापूर्वी हे पर्याय तपासावेत. विमान सोडून रेल्वे धरण्याआधी मात्र रद्द झाल्याची लेखी नोंद घ्यावी आणि परताव्याची मागणी करावी. उड्डाण केवळ लांबलेले असताना परस्पर निघून गेल्यास प्रवासी गैरहजर धरला जाऊ शकतो.

गैरसमज : पुढचे विमान चुकले तर पहिली कंपनी भरून देते.

वस्तुस्थिती : नागपूर-मुंबई आणि मुंबई-दुबई हे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तरच पहिल्या टप्प्यातील बिघाडाची जबाबदारी पुढच्या टप्प्याला लागू होते. दोन वेगळी तिकिटे काढल्यास दुसरी कंपनी प्रवाशाला गैरहजर मानते. परदेशी जाणाऱ्याने थोडे अधिक भाडे देऊनही एकच तिकीट घ्यावे, ते जमत नसेल तर मधे एका रात्रीचे अंतर ठेवावे.

गैरसमज : तक्रार करायची तर दिल्ली-मुंबईला खेटे घालावे लागतात.

वस्तुस्थिती : पहिली तक्रार कंपनीकडे लेखी करायची असते. दाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाता येते. त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगात दावा दाखल करता येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली येथे असे आयोग आहेत. मोबदल्याची रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्यासाठी तिकीट, बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा संदेश, जेवण-मुक्काम-टॅक्सीच्या पावत्या आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा, कारण दाव्यातील प्रत्येक रुपया याच कागदांवरून सिद्ध करावा लागतो.