नांदुऱ्यातला ‘ऱ्या’

पुतणीच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ हाती आले आणि मी अडखळलोच. विवाह ‘नांदुर्याच्या’ मंगल कार्यालयात, आणि खाली ‘वर्हाडी’ मंडळींच्या उतरण्याची सोय! एका पत्रिकेत गावही बिघडले आणि मुलूखही.

दुकानात जाऊन संगणकावरच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, “काका, कीबोर्डवर तसा ‘र’ नाहीच ना!”

आहे, आणि चांगला ठळक आहे. १९९१ च्या भारतीय मानकातली इन्स्क्रिप्टची मांडणी घ्या. तिच्यात ‘र’ इंग्रजी ‘जे’च्या कळीवर बसतो. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की खाली टिंब असलेला ‘ऱ’ येतो. मग ‘डी’च्या कळीवरचा हलन्त, आणि त्यापुढे ‘य’ किंवा ‘ह’. साधा ‘र’ घेतला, तर संगणक त्याचा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवतो. त्यात त्या बिचाऱ्याचे काय चुकले? सूर्य आणि कार्य तसेच तर लिहायचे असतात. पण मराठीला दोन्ही हवेत. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. लग्नघरात ही अदलाबदल कशी परवडणार?

मुलाने कळा दाबल्या. ‘वऱ्हाडी’ नीट उमटले. तो क्षणभर पडद्याकडे बघत राहिला, मग आदल्या दिवशीचे अर्ज उघडून ‘शेतकर्यांचे’ शोधू लागला. ते बरेच निघाले.

पत्रिका मी दुसऱ्या दिवशी नेली.