लेखांक ९ : काठी कोणाच्या हातात?

१८३१ मधल्या कॅरिकशॉकच्या चकमकीकडे या आठवड्यात वळायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो, कारण मागच्या लेखांकावर एका वाचकाने घेतलेली हरकत तशीच ठेवून पुढे जाणे बरे दिसणार नाही. हरकत अशी : आयर्लंडात कॅप्टन रॉक या कल्पित पुढाऱ्याच्या नावाने हिंडणाऱ्या माणसांनी गवताच्या गंज्या जाळल्या, गुरांच्या शिरा तोडल्या, दुसऱ्याची जमीन चढ्या खंडाने घेणाऱ्याच्या दारावर धमकीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्याने जमीनदार घाबरले आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारने पोलीस उभे केले. गोष्ट इतकी सरळ असताना हे पोलीस जमीनदारांच्या मनाविरुद्ध आले, असे विधान कशाच्या आधारावर केले? ते विधान मी ओघात करून टाकले होते, पुरावा दिला नव्हता. तो आज देतो. माझे म्हणणे असे की, १८१४ ते १८३६ या बावीस वर्षांत डब्लिन कॅसलमधल्या सरकारने जे पोलीस दल घडवले, त्याचा रोख रात्री टोळ्या करून हिंडणाऱ्या कुळांवर जितका होता तितकाच त्या कुळांच्या मालकांवरही होता. आणि दल घडवणाऱ्यांचा खरा वैताग या मालकांबद्दलच होता.

आधीची व्यवस्था डोळ्यासमोर आणा. गावोगावचा न्याय आणि बंदोबस्त बिनपगारी मॅजिस्ट्रेटांकडे, आणि हे मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुतेक करून जमीनदारच. खंड त्यांचाच, खंड थकवणाऱ्याविरुद्धची तक्रार ऐकणार तेच, आणि तक्रारीची बजावणी करणारा बॅरनीचा, म्हणजे आपल्या तालुक्याच्या आसपासच्या मुलखाचा, कॉन्स्टेबल हा अनेकदा त्यांच्याच पदरचा माणूस. इंग्लंडात हीच पद्धत शतकानुशतके बऱ्यापैकी चालली होती, पण तिथे मालक आणि शेतकरी एकाच चर्चमध्ये शेजारी बसत. आयर्लंडात मालक प्रॉटेस्टंट, कुळे कॅथलिक, आणि पश्चिमेकडे तर दोघांची भाषाही वेगळी. १७९३ पासून कॅथलिकांना मॅजिस्ट्रेट होता येत असे, पण तसे झालेले थोडेच. त्यातून गावात गडबड सुरू झाली की यांतले बरेच लोक दारे-खिडक्या लावून घरात बसत, नाहीतर सरळ डब्लिन किंवा लंडन गाठत, आणि तिथून फौज पाठवा म्हणून पत्रे लिहीत. मॅजिस्ट्रेटांच्या यादीत मेलेल्यांची नावे होती, देशाबाहेर राहणाऱ्यांची होती, आणि आयुष्यात एकदाही न्यायाला न बसलेल्यांचीही होती. १८१२ मध्ये चोवीस वर्षांचा रॉबर्ट पील चीफ सेक्रेटरी म्हणून आला तेव्हा त्याच्या टेबलावर अशा पत्रांचा ढीग पडू लागला. पील सुधारक नव्हता, कॅथलिकांचा मित्र तर नव्हताच. म्हणूनच त्याने जे केले ते साक्षीला अधिक उपयोगी.

त्याने १८१४ मध्ये जो कायदा केला त्यातली मेख पैशात आहे. एखादी बॅरनी लॉर्ड लेफ्टनंटने, म्हणजे राजाच्या आयर्लंडातल्या प्रतिनिधीने, अशांत म्हणून जाहीर केली की तिथे सरकार आपला पगारी मॅजिस्ट्रेट नेमणार. त्याच्या हाताखाली पन्नासपर्यंत शस्त्रधारी शिपाई, आणि स्थानिक मॅजिस्ट्रेट सगळे त्याच्याहून खालच्या पायरीवर. वर या सगळ्याचा खर्च त्याच मुलुखाने पट्टीच्या रूपाने भरायचा. तुम्हाला तुमचे गाव सांभाळता येत नसेल तर आम्ही सांभाळू, पण बिल तुमच्या नावावर आणि खुर्ची आमच्या माणसाला. सप्टेंबर १८१४ मध्ये टिपरेरीतल्या मिडलथर्ड बॅरनीत रिचर्ड विल्कॉक्स हा असा पहिला मॅजिस्ट्रेट रुजू झाला. वाचकाने म्हटल्याप्रमाणे हे दल जमीनदारांना हवेच असते, तर ते मागण्यासाठी काउंट्यांची रांग लागायला हवी होती. झाले उलटे. त्याच वर्षी इन्सरेक्शन ॲक्टही पुन्हा चालू झाला होता. १८०७ मध्ये तो पार्लमेंटात मांडणारा चीफ सेक्रेटरी म्हणजे आपल्या असईच्या लढाईचा आर्थर वेलस्ली. त्या कायद्याखाली सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला ज्यूरीशिवाय सात वर्षांसाठी समुद्रापार धाडता येई. मॅजिस्ट्रेट एकमुखाने तो कायदा मागत, कारण त्यात न्यायाची खुर्ची त्यांच्याकडेच राही आणि फौजेचा खर्च सरकार सोसे. पीलचे दल मागवायची वेळ आली की मात्र तेच लोक परिस्थिती इतकी काही वाईट नाही म्हणू लागत. पील यावर चिडलेला असे, आणि त्याच्या चिडण्यात एक हिशेब होता : आळशी मालकाच्या खिशाला चाट बसल्याशिवाय तो जागा होणार नाही.

इथे एक खरी अडचण आहे, आणि ती वाचकाने काढली नसली तरी मला काढायला हवी. काउंटीची पट्टी भरायची कोणी? जमिनीचा मालक ती भरत नसे. जमीन कसणारा भरत असे. म्हणजे पीलने उगारलेला दंड शेवटी बसला तो बटाट्यावर जगणाऱ्या कुळाच्याच पाठीवर. मग मालकांना धडा शिकवण्यासाठी हे केले, या म्हणण्याला अर्थ काय उरला? माझ्या मते थोडा उरतो, सगळा नाही. कुळांकडून पट्टी गेली की खंड थकतो, आणि खंड थकला की मालकाला झळ लागते, हे पीलला आणि मालकांनाही ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी एवढी खळखळ केली. शिवाय गावावर सामुदायिक भार टाकला की गुन्हेगाराला लपवणारे शेजारी तोंड उघडतील, अशीही त्याला आशा होती. ती फोल ठरली. खबर देणाऱ्याचे घर जळते हे गावाला माहीत होते आणि पट्टी कितीही जड झाली तरी जळण्याइतकी जड नव्हती. १८१७ मध्ये सरकारने खर्चाचा दोन-तृतीयांशपर्यंत भाग उचलायची तयारी दाखवली. त्यानंतर दलाला मागणी येऊ लागली. मालकांच्या विरोधात तत्त्व किती आणि पट्टी किती, हे या एका दुरुस्तीवरून कळते.

पण पैशाचा प्रश्न सुटल्यावरही खुर्चीचा राहिलाच, आणि माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तो आहे. १८२१ मध्ये लिमरिकमधल्या कोर्टनी इस्टेटीवर कॅप्टन रॉकच्या बंडाची ठिणगी पडली. तिथला कारभारी होस्किन्स नियमित वाचकांना आठवत असेल. डिसेंबरअखेर नवा लॉर्ड लेफ्टनंट आला तो मार्क्विस वेलस्ली, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाला वसईचा तह करायला लावणारा तोच गव्हर्नर जनरल. त्याचा चीफ सेक्रेटरी हेन्री गोलबर्न याने १८२२ मध्ये सगळ्या आयर्लंडसाठी कायम पोलीस दलाचे विधेयक आणले. मूळ मसुद्यात शिपायापासून वरपर्यंत प्रत्येक नेमणूक सरकारची होती. त्यावर आयरिश जमीनदारांचे सभासद तुटून पडले. दल नको, असे त्यांच्यातल्या बहुतेकांनी म्हटले नाही; शिपाई आम्ही नेमणार, एवढेच ठासून सांगितले. अखेर तडजोड झाली. चीफ कॉन्स्टेबल आणि चार प्रांतांचे चार इन्स्पेक्टर सरकारचे, पण प्रत्येक बॅरनीतल्या सोळापर्यंत कॉन्स्टेबलांची निवड मॅजिस्ट्रेटांची. जमीनदारांना काय हवे होते ते या तडजोडीत उघडे पडते. त्यांना हवी होती शिबंदी, सरकारी पगाराची. निराळ्या कारणाने विरोध करणारा एक माणूसही या वादात होता : गोलबर्नच्या आधीचा चीफ सेक्रेटरी चार्ल्स ग्रँट. देशभर शस्त्रधारी पोलीस पसरण्याऐवजी मॅजिस्ट्रेट सुधारा, असे त्याचे म्हणणे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि ग्रँट रोड ज्याच्या नावाचे, त्या गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटचा हा थोरला भाऊ. ग्रँटचे निदान बरोबर होते, पण औषध त्याच्याजवळ नव्हते. मॅजिस्ट्रेट सुधारायचे म्हणजे जमीनदार बदलायचे, आणि ते कोणत्याच लंडन सरकारच्या हातून होणारे नव्हते.

आता वाचकाची हरकत तिच्या सर्वात बळकट रूपात घेऊ. वाद खुर्चीचा असेल, पण संगीन शेवटी रोखली गेली ती कुळावरच ना? १८३० नंतरच्या दशमांश-युद्धात प्रॉटेस्टंट पाद्र्याचा वाटा कॅथलिक शेतकऱ्याकडून वसूल करायला, त्याची गाय ओढून न्यायला हेच पोलीस उभे होते. हे निर्विवाद आहे, आणि कॅरिकशॉकला पोचलो की ते अधिक स्पष्ट दिसेल. मी एवढेच म्हणेन की, त्याच १८३१ साली न्यूटाउनबॅरीत जप्त झालेल्या गुरांच्या लिलावावरून जमाव जमला, तेव्हा गोळीबार करून डझनभर माणसे मारणारी यीओमन्री ही स्थानिक प्रॉटेस्टंटांची हत्यारबंद पलटण होती. जमीनदारांच्या मनातल्या शिबंदीचा तो चालता-बोलता नमुना. त्या दिवसानंतर यीओमन्रीची पत गेली, आणि काही वर्षांत ती मोडीतच निघाली. पोलिसांचा जुलूम आणि यीओमन्रीचा जुलूम मारल्या गेलेल्याला सारखाच. पण पोलिसांच्या गोळीचा जाब कॅसलकडे मागता येत होता, आणि पुढच्या पाच वर्षांत नेमके तेच घडले.

ते घडवणारा थॉमस ड्रमंड हा स्कॉटिश लष्करी इंजिनिअर. १८२० च्या दशकात आयर्लंडचा नकाशा काढणाऱ्या तुकडीबरोबर तो डोंगर पायी तुडवत हिंडला होता आणि साठ-पासष्ट मैलांवरून दिसणारा चुन्याचा प्रखर दिवा त्याने मोजणीच्या कामात आणला होता. जमीनदारांच्या दिवाणखान्यांऐवजी शेतांच्या बांधांवरून त्याने हा देश आधी पाहिला, याचा त्याच्या राजकारणावर परिणाम झाला असे मला वाटते. १८३५ मध्ये तो अंडर-सेक्रेटरी झाला आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा आला : सगळे दल एका इन्स्पेक्टर जनरलखाली, सगळ्या नेमणुका सरकारच्या, मॅजिस्ट्रेटांचा हात पूर्ण बाजूला. शिपायाला त्याच्या स्वतःच्या काउंटीत नेमायचे नाही. प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज लॉजसारख्या गुप्त मंडळींत शिरायचे नाही. कॅथलिकांना मोकळी भरती. दशमांशाच्या वसुलीला फौज आणि पोलीस सरसकट द्यायचे ड्रमंडने थांबवले, आणि जत्रांतल्या टोळीयुद्धांकडे पूर्वीचे मॅजिस्ट्रेट काणाडोळा करत, तिथे पोलीस पाठवायला सुरुवात केली. कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेलसारखा सरकारचा जन्माचा विरोधक या काळात कॅसलच्या बाजूने मत देत होता, हे उगाच नव्हे.

आणि जमीनदार? १८३८ च्या वसंतात टिपरेरीत खून पडले, तेव्हा तिथल्या मॅजिस्ट्रेटांनी जुन्या सवयीने कडक कायदे मागितले. ड्रमंडने लॉर्ड डोनमोरला मे महिन्यात उत्तर लिहिले, आणि ते आयर्लंडभर गाजले : मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्येही असतात, ती टाळल्यानेच हा रोग आला आहे, औषध कडक कायद्यांत नाही, ती कर्तव्ये पाळण्यात आहे. ज्या मालकांच्या रक्षणासाठी पोलीस आहेत असे म्हणायचे, त्यांनाच पोलिसांचा कारभारी असे सुनावतो. त्याचा सूड १८३९ मध्ये लॉर्ड्स सभेत घेतला गेला. ऑरेंज पुढारी लॉर्ड रोडनने आयर्लंडमधल्या गुन्ह्यांवर चौकशी समिती मागून घेतली, आणि ड्रमंडला तिच्यापुढे दिवसचे दिवस आपल्या दलाचा जाब द्यावा लागला. दल जमीनदारांचे होते, तर जमीनदारांच्या सभेला त्याच्यावर चौकशी बसवायची गरज का पडावी? पुढच्या एप्रिलमध्ये ड्रमंड वारला, वय अवघे बेचाळीस. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत हेच पोलीस कुळांना घराबाहेर काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पाठीशी उभे दिसतात, आणि वाचकाच्या मनातले चित्र त्या काळाचे असावे. जमीनदाराच्या हातातून सुटलेली काठी कॅसलकडे गेली होती, गावाकडे नव्हे. कॅसलमध्ये ड्रमंड बसला तर ती एका अंगाने चालायची आणि तो गेल्यावर दुसऱ्या.

या दलाची नक्कल हिंदुस्थानात आली ती सिंधमार्गे. किल्डेअरमधल्या सेलब्रिजला वाढलेल्या चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथले पोलीस आयरिश धर्तीवर उभे केले. १८४७ मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि पुढे मुंबई सरकारने जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले. मात्र १८६१ च्या हिंदुस्थानी पोलीस कायद्याने सुपरिंटेंडेंटला जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या देखरेखीखाली ठेवले, जी गोष्ट आयर्लंडात मोडायला बावीस वर्षे लागली होती. इथे ती अडचणीची नव्हती, कारण इथला मॅजिस्ट्रेट म्हणजे कलेक्टर, आणि कलेक्टर सरकारचाच पगारी नोकर.