ई-पुस्तकांचे ग्रंथवर्णन आणि मराठी ग्रंथनामांची व्यवस्था

चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते, हा ग्रंथपालांचा जुना अनुभव होय. ई-वाचकयंत्रात फळ्या नसतात. तेथे पुस्तकाचे स्थान केवळ त्याच्या वर्णनावरून, म्हणजे मेटाडेटावरून ठरते. वर्णन सदोष असेल तर पुस्तक यंत्रात असूनही अभ्यासकाच्या हाती लागत नाही.

ईपब या स्वरूपातील पुस्तक म्हणजे वस्तुतः अनेक फायलींची एक झिप-पोतडी होय. तीत ओपीएफ नावाची एक फाईल असते व तिच्या आरंभी ग्रंथवर्णन दिलेले असते. त्यातील मूलघटक 'डब्लिन कोअर' या संचातून घेतलेले आहेत. (हे डब्लिन आयर्लंडमधील नव्हे, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील, तेथे १९९५ मध्ये भरलेल्या कार्यशाळेवरून हे नाव पडले.) ग्रंथनाम, अभिज्ञानांक आणि भाषा ही तीन अंगे ईपबमध्ये अनिवार्य आहेत. ग्रंथकाराचे नाव मात्र ऐच्छिक आहे, ही गोष्ट कोणाही वाङ्मयाभ्यासकास चमत्कारिक वाटेल.

हे वर्णन सुधारण्यासाठी व पुस्तकाचे रूपांतर करण्यासाठी 'कॅलिबर' ही विनामूल्य संगणक-प्रणाली विशेष प्रचारात आहे. कोविद गोयल यांनी तिचा आरंभ २००६ मध्ये केला. तारेने जोडलेल्या किंडलवर ईपब तसेच उतरविले तर ते उघडत नाही; म्हणून कॅलिबर त्याचे एझेडडब्ल्यू३ मध्ये रूपांतर करते. रूपांतराचे काम बव्हंशी आपोआप होते. खरी अडचण नावांची.

ग्रंथकारांचा अनुक्रम लावताना ही प्रणाली नावातील अखेरचा शब्द आडनाव समजून पुढे घेते. 'विष्णू सखाराम खांडेकर' यांच्या बाबतीत हे ठीकच आहे. परंतु 'साने गुरुजी' यांचे 'गुरुजी, साने' होते, आणि 'ज्ञानेश्वर महाराज' हे 'म'च्या रांगेत जाऊन बसतात. टोपणनावांचा प्रश्न याहून बिकट आहे. नाटककार राम गणेश गडकरी, कवी गोविंदाग्रज आणि विनोदकार बाळकराम ही एकच व्यक्ती. परंतु यंत्राच्या लेखी ते तीन भिन्न ग्रंथकार ठरतात. यांना एकत्र आणावे की मुखपृष्ठावरील नाव जपावे, हा निर्णय यंत्राचा नाही. मुखपृष्ठावरील नाव ग्रंथकाराच्या रकान्यात तसेच ठेवावे आणि अनुक्रमाच्या स्वतंत्र रकान्यात 'गडकरी, राम गणेश' असे लिहावे, हा मार्ग त्यांतल्या त्यात इष्ट दिसतो. कॅलिबरमध्ये हे दोन रकाने वेगळे आहेत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राचे नाव घ्यावे. यातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. ही दोन रूपे प्रमाणीकरणाने एक होतात. परंतु साधा 'र', हलन्तचिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह असे लिहिण्याचीही एक रूढी आहे. तिचे दृश्य रूप तेच असले तरी प्रमाणीकरण तिला पहिल्या दोहोंत मिळवीत नाही. संकेत जसेच्या तसे ताडून पाहणाऱ्या यंत्राला हे पुस्तक अशा वेळी सापडणार नाही. सबंध संग्रहात एकच लेखनरूप स्वीकारणे हाच येथे उपाय. भाषेच्या रकान्यातही 'मराठी' अशीच नोंद हवी. 'हिंदी' अशी नोंद राहिल्यास, ज्या टंकांत दोन्ही भाषांची वळणे आहेत तेथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटू शकतात.

एवढे सर्व सुधारूनही पुष्कळांची निराशा होते, त्याचे कारण वेगळे. कॅलिबरमध्ये केलेली दुरुस्ती प्रथम तिच्या स्वतःच्या कोशात नोंदली जाते. मूळ पुस्तकाच्या फाईलीत ती लगेच उतरत नाही. पुस्तक प्रणालीद्वारे यंत्रावर पाठविले, बाहेर जतन केले अथवा रूपांतरित केले, तर त्या प्रतीत नवे वर्णन येते. जो संग्रहाच्या फोल्डरातून फाईल परस्पर उचलतो, त्याच्या हाती बहुधा जुनेच वर्णन पडते. ते टाळावयाचे असेल तर मेटाडेटा फाईलीत अंतर्भूत करण्याची स्वतंत्र आज्ञा आधी द्यावी लागते.