हिमालयापलीकडचे पाहुणे

नागपूरच्या बाजारांत संत्र्यांचे ढीग दिसूं लागले आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटूं लागली, कीं जिल्ह्यांतील गांवतलावांवर कांहीं दूरचे पाहुणे उतरतात. राखी अंगाचे, पिवळसर पायांचे हे पक्षी हंसाच्या कुळांतील होत. पांढर्‍या मस्तकावर मागील बाजूस बुक्क्याचीं दोन बोटें ओढावींत, तसे दोन काळे पट्टे असतात. यावरूनच त्यांस मराठींत पट्टकादंब म्हणतात. वजन अवघें दोन ते तीन किलो. परंतु हा पक्षी ज्या प्रदेशांतून येतो, तेथें धडधाकट मनुष्यासहि पहिल्या दिवशीं चार पावलें चढतांना धाप लागते.

त्याचें माहेर म्हणजे तिबेटचें पठार, मंगोलियांतील सरोवरें आणि लडाखमधील चांगथांग. चांगथांगमधील त्सो मोरीरी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंचीवर आहे; म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीनपट. हवा इतकी विरळ कीं, समुद्रकांठीं एका श्वासांत सोळा आणे प्राणवायु मिळतो असें धरलें, तर येथें नऊ आण्यांवरच समाधान मानावें लागतें. उन्हाळा इतका अल्प कीं, खोड व फांद्या वाढविण्यापुरती ऊब वृक्षास लाभत नाहीं. गवत, लव्हाळे आणि जमिनीस चिकटून वाढणारीं झुडपें, एवढीच काय ती वनश्री. उत्तर ध्रुवाजवळील वृक्षहीन प्रदेशास टुंड्रा म्हणतात. उंच पर्वतांवरील ही भूमि त्याचीच बहीण होय.

अशा ठिकाणीं हिवाळा काढण्याच्या चार तर्‍हा आढळतात. मार्मोट हा खारीच्या कुळांतील, पण मांजराहून थोराड प्राणी वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ बिळांत निद्रेंत घालवितो. अंगावरील चरबी हीच त्याची शिदोरी. पायका हा सशाचा चिमुकला आप्त. त्याच्या कित्येक जाती उन्हाळ्यांत गवत वाळवून कोठार भरतात आणि हिवाळा जागेपणीं काढतात. हिमबिबळ्या ना दीर्घ झोंप घेतो, ना सांठा करतो. दाट केस, बर्फांत सहसा न रुतणारे रुंद पंजे आणि निजतांना तोंडावर पांघरावयास दोन हात लांबीची झुबकेदार शेपटी, एवढ्या बळावर तो भरल नांवाच्या रानमेंढ्यांची शिकार करीत फिरतो. २०२४ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या सरकारी गणनेंत भारतांत ७१८ हिमबिबळे असावेत असा अंदाज निघाला. पैकीं ४७७ लडाखांतील. चौथी तर्‍हा पट्टकादंबाची. तळीं गोठण्यापूर्वींच तो पिलांसह घर सोडतो.

परंतु वाटेंत हिमालय आडवा आहे. हे पक्षी एव्हरेस्टच्या माथ्यावरून जातात, अशी कथा पुष्कळ वर्षें चालत आली. पक्ष्यांस लहान यंत्रें जोडून केलेलें संशोधन २०११ व २०१५ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत निराळेंच दिसून आलें. बहुतेक उड्डाणें ६,००० मीटरांच्या खालींच होतात. ७,२०० मीटरांपर्यंत एखादाच जातो. एकदां उंची गाठून हे पक्षी सरळ रेषेंत जात नाहींत, तर डोंगरांच्या चढउतारांबरोबर चढतात आणि उतरतात. वरवर पाहतां हे दुप्पट श्रम वाटतात. पण खालची हवा दाट. तींत पंखांना आधार अधिक आणि छातीस प्राणवायुहि अधिक. उंचावर टिकून राहण्यापेक्षां गमावलेली उंची पुन्हां चढणें त्यास स्वस्त पडतें. याच कारणास्तव तो बहुधा रात्रीं किंवा पहाटे निघतो, कारण थंड हवा अधिक दाट असते. शिवाय त्याच्या रक्तांतील तांबडें द्रव्य इतर हंसांच्या मानानें प्राणवायु अधिक सहज पकडतें, आणि पंखांच्या स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें दाट असतें.

इतके कष्ट करून आलेला हा पाहुणा विदर्भांत मागतो काय? दिवसा विश्रांतीस उघडें पाणी आणि रात्रीं चरावयास गवत किंवा शेतांतील कोंवळें पीक. पूर्व विदर्भांत कोहळी समाजानें धानासाठीं बांधलेले तलाव आजहि अशा पाहुण्यांच्या उपयोगी पडतात. हरभर्‍याचे कोंवळे शेंडे खुडले गेले कीं शेतकरी कुरकुरतो, आणि तेंहि रास्तच आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्याची शिकार गुन्हा ठरली आहे. मोठें संकट आतां बंदुकीचें नसून विश्रांतिभंगाचें आहे. परतीच्या चढणीस लागणारी चरबी येथेंच सांठवावयाची असते. नाव, जाळें, मोकाट कुत्रें किंवा छायाचित्रासाठीं अगदीं जवळ जाणारा हौशी मनुष्य यांमुळें थवा उठला, कीं त्या सांठ्यांतील कांहीं भाग व्यर्थ जळतो. बेशरमाच्या झुडपांनीं कांठ व्यापला, तर उतरावयास मोकळी जागाहि उरत नाहीं.

मार्चच्या सुमारास नागपुरांत ऊन तापूं लागतें आणि थवे उत्तरेकडे वळतात. पुढें मादी सरोवराकांठीं घरटें करून अंडीं घालते, तीं सुमारें महिनाभर उबविते, आणि पिलें बाहेर पडतांच पाण्याकडे चालूं लागतात. त्या पिलांच्या जन्माची तयारी मात्र कित्येक महिने आधीं विदर्भांतील एखाद्या गांवतलावाच्या कांठीं झालेली असते. तेथें सहलीस जाणार्‍या कुटुंबानें शंभर पावलें अलीकडेच थांबून दुर्बिणींतून पाहिलें, तरी त्या तयारींत त्याचा हातभार लागेल.