एंड मिल कटर : निवड कशी करावी, बिघाड कसा ओळखावा

मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघाले की आधी चाकण आणि पुढे भोसरी, अशा दोन औद्योगिक वसाहती लागतात. मोटारींच्या सुट्या भागांची बरीच कामे तेथील लहान वर्कशॉपमध्ये जॉबवर्कने होतात. आपल्या भागातील तरुण तेथे मिलिंग मशीनवर, व्हीएमसीवर कामाला आहेत. कोणी स्वतःचे मशीन टाकण्याच्या विचारात आहे. जॉबवर्कमध्ये धातू बहुधा पार्टीचा असतो. कटर मध्येच तुटून जॉब बिघडला तर मजुरी बुडतेच, शिवाय मालाची किंमतही बिलातून कापली जाते. म्हणून कटरची पारख हा नफ्या-तोट्याचा प्रश्न आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. पण हत्यार घेतानाही कायदा तोच आहे. आधी काम पाहावे, मग माल, आणि शेवटी भाव.

ड्रिल टोकाने भोक पाडते. एंड मिल टोकाने आणि अंगानेही कापते, म्हणून खाचा, खोलगट कप्पे आणि कडा काढण्यास ती लागते. मात्र ज्या कटरचे दात टोकाला मधोमध मिळत नाहीत, तो ड्रिलप्रमाणे सरळ खाली उतरवू नये.

निवड

एचएसएस कटर चिवट व स्वस्त असतो. जुन्या, थोड्या सैल मशीनवर तो निभावतो. त्यात ५ टक्के कोबाल्ट असले की एम-३५ आणि ८ टक्के असले की एम-४२. हे उष्णतेत जास्त टिकतात, म्हणून स्टेनलेससाठी बरे. कार्बाइड फार कठीण, पण ठिसूळ. मशीन भक्कम आणि स्पिंडल वेगवान असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात.

ॲल्युमिनियमला दोन किंवा तीन दातांचा कटर घ्यावा. त्याचा कीस मोठा निघतो, त्याला बाहेर पडायला जागा हवी. पोलादाला साधारणपणे चार दात. टायटॅनियम-ॲल्युमिनियम-नायट्राइडचा काळपट मुलामा पोलादाला उत्तम. पण ॲल्युमिनियम त्याला चिकटते. तेथे बिनमुलाम्याचा, गुळगुळीत, धारदार कटरच बरा.

वेगाचा हिशेब

कापण्याचा वेग, म्हणजे मिनिटाला किती मीटर, त्याला १००० ने गुणावे. मग कटरचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन ३.१४ ने गुणावा व त्याने भागावे. माईल्ड स्टील, १० मि.मी.चा एचएसएस कटर आणि २५ मीटर वेग धरला तर मिनिटाला सुमारे ८०० फेरे येतात. कार्बाइडला १०० मीटर धरले तर सुमारे ३२००. फीड काढताना फेरे, दात आणि दर दाताचा कीस यांचा गुणाकार करावा. ८०० × ४ × ०.०३ म्हणजे मिनिटाला ९६ मि.मी.

बिघाड आणि उपाय

१) कटर थरथरतो, जॉबवर लाटा उमटतात : कटर कोलेटबाहेर किती आहे ते आधी पाहावे. बाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने कटर आठपट वाकतो. म्हणून तो गरजेपुरताच बाहेर ठेवावा. तरीही थरथर राहिली तर फेरे व खोली कमी करावी.

२) धार लवकर जाते : फेरे जास्त असतील. एचएसएसचा कीस निळा पडला तर वेग उतरवावा. फीड फार कमी ठेवणेही वाईट. दात कापण्याऐवजी घासतो. स्टेनलेस तर अशा घासण्याने अधिक कडक होते.

३) एकच दात झिजतो : कटर केंद्रात फिरत नाही. कोलेट पुसावे, डायल गेज लावावे. कार्बाइडची डगमग शक्यतो ०.०१ मि.मी.च्या आत हवी.

४) खाचेत कटर तुटतो : कीस अडकून पुन्हा कापला जातो. हवेने तो उडवावा, खोली टप्प्याटप्प्याने घ्यावी. जुन्या मशीनच्या स्क्रूत ढिलाई असेल तर दात ज्या दिशेने कापतो त्याच दिशेने जॉब सरकवू नये. कटर जॉब ओढून घेतो.

५) कार्बाइडच्या धारेला बारीक चिरा : तापलेल्या धारेवर कूलंट थांबून थांबून पडत असावे. एक तर भरपूर व सतत द्यावे, नाही तर नुसती हवा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर खरे कारण कळत नाही.

खरेदी

मुंबईची नागदेवी स्ट्रीट हत्यारांची जुनी बाजारपेठ आहे. घासून पुन्हा धार लावलेला कटर व्यासाने लहान झालेला असू शकतो, तेव्हा मायक्रोमीटरने मोजूनच घ्यावा. प्रत्येक कटरने किती जॉब काढले हे वहीत लिहावे. महाग कटर परवडतो की नाही, हे त्या वहीवरूनच ठरते, दुकानदाराच्या बोलण्यावरून नाही.

आणि कापडवाले म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो : फिरत्या कटरजवळ सैल बाही, मफलर, हातमोजे कधीही नकोत. कीस मशीन थांबवून ब्रशनेच काढावा. कटर दुसरा मिळतो, बोट मिळत नाही.