लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके

राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीवर भिंग धरलं की तिचा गाल नाहीसा होतो. उरतात नुसते ठिपके. गुलाबी, पिवळसर, विटकरी, मधूनच एखादा निळा. कपाळावर विरळ, हनुवटीखाली दाट. भिंग बाजूला केलं की गाल पुन्हा जागेवर.

ही तसबीर जुन्या नाशकातल्या एका फ्रेमवाल्या काकांकडे दुरुस्तीला आली होती. त्यांनी पकडीने मागचे खिळे उपसले, फळी उचलली. आत पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राची घडी आणि वाळवीची माती. एका कोपऱ्यात कागद काचेला चिकटलेला. मी सवयीने फडकं पुढे केलं, तर म्हणाले, "ओलं काही लावायचं नाही ताई. कागद फुगतो, वरचं वॉर्निश पांढरं पडतं." मग पातळ पातं काच आणि कागद यांच्यामध्ये सरकवत बसले. घाई नाही, बोलणं नाही. लक्ष्मीच्या साडीवर कुणीतरी टिकल्या आणि जर शिवली होती. घराघरांतल्या बायका पूर्वी हे हौसेने करत. तसबिरीच्या मालकांना ही सजावट काढून चित्र 'साफ' हवं होतं. काकांनी साफ नकार दिला, आणि माझ्या मते बरोबर केलं. टाके उसवले असते तर साडीत नुसती भोकं राहिली असती.

ठिपक्यांचं काम दगडावरचं. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडक या दगडी छपाईसाठी, म्हणजे लिथोसाठी, नावाजलेला. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, डिंक आणि थोडं आम्ल लावायचं, मग दगड ओला करायचा. जिथे तेल तिथे शाई धरते, जिथे पाणी तिथे धरत नाही. एका दगडावर एकच रंग. म्हणजे गालासाठी आधी फिका पिवळा, वर गुलाबी, मग तपकिरी सावली, असा तोच कागद पुन:पुन्हा यंत्रातून जायचा. लक्ष्मीसारख्या चित्राला असे दहा-बारा दगड सहज लागत. शिवाय दगडावर सगळं उलटं. नाही तर देवीचा उजवा हात डावा व्हायचा. हवेत दमटपणा असला की कागद ताणला जाई आणि पुढचा रंग केसभर सरके. काकांच्या टेबलावरच्या लक्ष्मीचा खालचा ओठ असाच किंचित सरकलेला आहे. मला ती त्यामुळे जास्त आवडली. शेवटी वॉर्निश चढवून कॅनव्हासचा पोत उठवला, की तैलचित्राचा भास तयार.

ही दैवतं छापायला पहिला आला तो काही रविवर्मा नव्हे. पुण्याची चित्रशाळा 1878 पासून काम करत होती. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. चित्र रविवर्म्याचं, पण दगडावरचे ठिपके कुणाचे? पिकासोने ओव्हिडच्या ग्रीक-रोमन पुराणकथांच्या 1931 च्या आवृत्तीसाठी तांब्याच्या पत्र्यांवर स्वत: रेघा ओढल्या, रेघ चुकली तरी ती त्याचीच. मळवलीला मात्र रंग फोडणारे, म्हणजे प्रत्येक रंगाचा दगड रेखणारे, कारागीर वेगळे, आणि देवीचा चेहरा गोड उतरला की उग्र, हे बरंचसं त्यांच्याच हातात. चित्राखाली त्यांचं नाव शोधूनही सापडत नाही. मला हे खुपतं.

या कारखान्यातून बाहेर पडलेलं एक नाव मात्र आपल्या नाशिककरांचं. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी छपाईतले होते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटो-लिथोचं काम केलं, लोणावळ्याला स्वत:चा छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं पाहायला 1909 मध्ये जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' आला 1913 मध्ये. 1918 पासून नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत त्यांचे पौराणिक चित्रपट तयार होऊ लागले. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून देव प्रकट करायचा तर पहिल्या खेपेची जागा दुसऱ्या खेपेला तंतोतंत जुळायला हवी. एका कागदावर दुसरा दगड उतरवायला शिकलेल्या माणसाला ही शिस्त नवी वाटली नसणार, असं मला भिंगातून बघताना राहून राहून वाटलं.

मळवलीचा कारखाना 1972 मध्ये आगीत गेला. तरी 'अस्सल रविवर्मा' घेऊन दुकानात येणाऱ्यांची रांग काही कमी होत नाही. काका भिंग लावतात. ठिपके वेडेवाकडे, लहान-मोठे दिसले तर दगडाची छपाई. एकसारखे, जाळीत बसवल्यासारखे ओळीने दिसले तर अलीकडची ऑफसेट नक्कल. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगतात. नाही विचारलं तर काचेचा आणि पट्टीचा दर सांगून माप घ्यायला लागतात.